खालची रेघ

...नाई, मी जळत नाई! कोन म्हनते मी जळतो? तुमाले सांगतो राजेहो, वाशिमच्या आमच्या तीन मानसाच्या हापिसात आठ वर्सं मी जावा या कंप्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिवले. जावात एखाद्या आकड्याचं दोन शब्दाचं इंग्रजी नाव कसं, एकाले एक चिकटवायचं अन् दुसऱ्याचं पयलं अक्षर मोठं! हात बसला तो बसलाच... मंग केनवडच्या दालमिलच्या वजन-पावतीचं काम आलं पायथन या दुसऱ्या भाषेत, अन् मानोऱ्याहून त्या कामाले आली नवी पोरगी, धम्मदीपा. तिसऱ्याच दिवशी म्हने कशी, “देवमनदादा, या भाषेत नावं लहान अक्षरात लिवतात, मधात खालची रेघ, अंडरस्कोर.” मी म्हनलं, माह्यं चालते न? “चालते दादा, पन वाचनाऱ्याले खटकते.” अन् आमचे मालक रतनसिंग सर, आठ वर्सात मले ‘बरं’च्या वर शब्द नाई, ते खुर्चीतून उठले, “वाऽ! क्या बात है बेटा!” रेघेसाठी? एका रेघेसाठी?... पन मी जळत नाई!

घरी बायकोले सांगतलं. आपली बाजू घेईन का नाई? वैजयंती म्हने, “माह्या माहेरी जावई म्हनून मान घेत बसता थे ठीक हाय, हापिसात बी तसेच बसता का?” घ्या!

मंग मी हट्टानं माह्याच पद्धतीनं लिवत गेलो. ‘निव्वळ वजन’ हे नाव तिचं रेघेचं, माह्यं बिनरेघेचं. अन् पायथन काही बोलतच नाई, त्याले वाटते दोन येगळ्या वस्तू! दालमिलवाल्यासमोर तुरीचा ट्रक वजनकाट्यावर चढला, वजन गेलं माह्या नावात, पावतीनं वाचलं तिचं नाव... निव्वळ वजन शून्य! दालमिलवाला म्हने, “अरे, एवढी तूर गेली कुठं?” माही मान खाली. अन् हे पोरगी आमच्या मालकाले काय म्हने? “सर, चूक दोघाईची. नियम आधी ठरवाले पाह्यजे होता.” कायले? सांगा, कायले एवढं चांगलं वागावं मानसानं? शिव्या देल्या असत्या त बरं वाटलं असतं! आता चांगुलपनात बी तिचाच पयला नंबर!... जळत नाई, नुसतं सांगून राह्यलो.

शेवटी ठरलं, जशी भाषा तसे नियम. पायथनचे तिनं लिवायचे, जावाचे म्या. “जावात तुमचंच खरं दादा,” ती म्हने. छाती अशी फुगली राजेहो! दोन पानं लिवली, खाली मोठी सही ठोकली, भिंतीवर चिकटवली. ती त्या पानाखाली माह्या आठ वर्साचं काम उघडून बसली, अन् दोन दिवसानं लय आदरानं म्हने, “दादा, नियम एकदम बेस हायेत... फक्त एकशे बारा ठिकानी तुमीच मोडले.”

आता दुरुस्त करत बसलो हाये... तिलेच इचारून इचारून.