फॉर्मवरचं दुसरं आडनाव

हासू नका बे, पण मेक्सिकोत एका बाईनं मले माह्या माय-बापाचं नातं इचारलं होतं.

तिथं आता नियम आला. मोबाईल नंबर ओळखपत्राशी जोडा, नाई तं नंबर बंद. नोकरीसाठी गेलेल्या आमच्यासारख्या परदेशी मानसायलेही सूट नाई. म्हणून मी गेलो दुकानात. फॉर्मवर आडनावाचे दोन रकाने, एक बापाचं आडनाव अन् एक मायचं. मी दोन्हीकडं इंगळे लिवलं. आपल्याकडं लग्न झाल्यावर मायचं आडनाव दुसरं काय रायते?

काउंटरवरची बाई फॉर्मकडं पायत राह्यली, मंग माह्याकडं. हळूच म्हणते, "तुमचे माय-बाप भाऊ-बहीण हायेत काय?"

मी वरडलोच, "नाई हो! लग्नाच्या आधी आई तायडे होती."

"मंग तेच लिवा ना. लग्न झालं म्हणून बाईनं आपलं आडनाव कावून सोडावं?"

मी इंगळे खोडून तायडे लिवलं अन् माहा नंबर वाचला. त्याच नंबरवरून पातूरले घरी फोन लावून सारं सांगितलं. बाबा भडकले, "इतक्या वर्सानं तायडे कायले उकरून काढलं बे?"

आईनं त्यायच्या हातातून फोनच हिसकला. "तुमी चूप बसा! पोट्ट्या, त्या बाईले माहा नमस्कार सांग."

यंदा सुटीत घरी आलो तवा आईचा मोबाईल सहज हातात घेतला. माहा नंबर तिनं 'तायडे' नावानं सेव्ह केला हाये.

अन् बाबाचा, नुसता 'इंगळे'.