पायथ्यापासून परत

मुलगी : पायथ्यापासून परत! घाटाच्या तोंडाशी एक पिंप ठेवायचं, त्याला वळसा घालायचा आणि आल्या वाटेनं माघारी. बाबा, ही राष्ट्रीय सायकल स्पर्धा आहे की कोपऱ्यावरून दूध आणायला निघालोय आम्ही?

बाबा : आधी ते हेल्मेट खाली ठेव. नकाशावर घाम गळतोय तुझा.

मुलगी : गळू दे. हा बायकांचाच नकाशा आहे ना? पुरुषांचा तेवढा कोरडा ठेवा, त्यात घाट आहे.

बाबा : बाळा, मार्ग आखताना सर्व बाबींचा विचार करावा लागतो. रस्ता किती वेळ बंद ठेवायचा, रुग्णवाहिका कुठे उभी करायची, स्वयंसेवक किती...

मुलगी : रस्ता सकाळी बंद होणार आणि पुरुषांची शर्यत आटोपल्यावरच उघडणार. आम्ही घाट चढलो काय, न चढलो काय, गाडीवाले तेवढेच खोळंबणार. दुसरं काहीतरी सांगा.

बाबा : सपाटीवर वेळा चांगल्या लागतात. विक्रम होतात. लोकांना विक्रम आवडतात.

मुलगी : कुणाचे विक्रम? ज्यांच्या मांड्या खांबासारख्या, त्यांचे. सपाटीवर त्या मला खातात, घाटात मी त्यांना खाते. टाइम ट्रायल म्हणजे एकेकटीनं सुटायचं. ना कुणाच्या आडोशाला लपता येत, ना कुणाच्या मागे वारा चुकवता येत. समोर फक्त घड्याळ. मग रस्त्यानं तरी सगळं विचारायला हवं ना? चढ, उतार, वळण, वारा. हे मला कुणी शिकवलं? याच टेबलावर?

आत्या : बरोबर बोलतेय ती, दादा.

बाबा : तू तुझी घड्याळं जुळव.

आत्या : तेच करतेय. त्याला कान बंद ठेवावे लागत नाहीत.

मुलगी : आत्या, तू टाइमकीपर, समितीच्या बैठकीला होतीस. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे? त्या अध्यक्षांच्या? त्यांना जिना चढताना धाप लागते, म्हणून आमचा घाट गेला?

बाबा : समितीचा निर्णय आहे तो. तिथे एकट्यादुकट्याचं नाव नसतं.

मुलगी : वा! म्हणजे मारलं कुणी ते कळायचं नाही, गाल मात्र सुजायचा. इथे जी पहिली येईल तीच जागतिक स्पर्धेला जाणार. तिथे नुसते डोंगर आहेत. सपाटीवरची राणी पाठवाल आणि ती तिथे सायकल ढकलत चढेल, मग सगळे मिळून डोक्याला हात लावा. आणि बाकीच्या मुली मला काय विचारतात ठाऊक आहे? म्हणतात, मार्ग तुझे बाबाच आखतात ना गं? काय सांगू त्यांना? आमच्या घरी बायकांना पायथ्यापर्यंतच सोडतात म्हणून?

बाबा : बायकांना झेपत नाही, असं कुणीही म्हणालेलं नाही.

आत्या : ‘महिला खेळाडूंच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने’ असं म्हणाले. अर्थ तोच.

मुलगी : कोण म्हणालं?

आत्या : विचार त्याला.

बाबा : तोंड आवर गं तू.

आत्या : आठवडाभर आवरलं, आता नाही आवरत. भिंगरी, अध्यक्षांना घाट हवा होता. घाटात बघ्यांची गर्दी होते, त्यांना गर्दीच हवी असते. सूचना तुझ्या बाबांनी मांडली. कुणी चकार शब्द काढला नाही. मागच्या वर्षी तू त्या उतारावर कशी पडलीस ते सगळ्यांनी पाहिलं होतं. बापापुढे कोण बोलणार?

मुलगी : गुंडाळू नका तो नकाशा. बाबा, इकडे बघा. तुम्ही?

बाबा : हो. मी. तुझ्या खांद्याचं हाड बाहेर आलेलं मी पाहिलंय. तू नाही पाहिलंस, तू शुद्धीवर नव्हतीस. पेडलमध्ये अडकलेला बूट मी सोडवला. पुन्हा तू त्या उतारावरून येणार आणि मी शिट्टी घेऊन बाजूला उभा राहणार? नाही जमत मला. आणि तुला थांब म्हटलं असतं तर थांबली असतीस?

मुलगी : मी थांबले नसते, म्हणून घाटच काढून टाकलात? सगळ्यांचा? माझ्या एका खांद्यापायी? काही वाटलं नाही तुम्हाला? त्याच उतारावर दोन पुरुषही पडले होते. त्यांच्या बापांनी नाही घाट खोडला!

बाबा : त्यांच्या बापांच्या हातात पेन्सिल नव्हती.

आत्या : आता खरं बोललास. बैठकीत हेच बोलायचं होतंस.

बाबा : अगं, तो उतारच फसवा आहे. तिसरं वळण माणसाला बाहेर फेकतं. तिथेच पडली ही.

मुलगी : काही फेकबिक नाही. मी दिवसाआड उतरते त्या वळणावरून.

बाबा : अजून? मला तर तलावाच्या रस्त्याला जाते म्हणून सांगत होतीस.

मुलगी : खोटं सांगत होते. आणि मी कशी पडले ते ऐकायचंय? सांगणार नव्हते मी. पण तुम्ही माझं खापर उतारावर फोडून सगळ्यांचा घाट काढलात, आता ऐकाच. वळणावर तुम्ही उभे होतात. दोन्ही हात वर करून ‘सावकाश, सावकाश’ ओरडलात. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबायचा नसतो, हे लहानपणीच माझ्या डोक्यात भरवलंत तुम्ही. आणि मी दाबला. कारण तुम्ही ओरडलात.

(आत्या हातातलं चालू घड्याळ थांबवते.)

बाबा : मी ओरडलो?

मुलगी : हो.

बाबा : मला... मला वाटलं मी मनातच म्हणालो. वर्षभर बोलली नाहीस.

मुलगी : कशी बोलणार? हात गळ्यात होता तेव्हा रोज घास भरवत होतात. वेणी घालत होतात. वाकडी घालत होतात, तरी घालत होतात.

बाबा : समिती पुन्हा कधी बसतेय गं?

आत्या : आज संध्याकाळी. मार्ग कायम करायला.

बाबा : सूचना मागे घेतो. पण कारण विचारतील.

मुलगी : मग सांगा. बाप घाबरला म्हणून सांगा. सुरक्षितता-बिरक्षितता नको. मुलींना कळू दे, घाट काढला तो त्यांना झेपत नव्हतं म्हणून नव्हे.

बाबा : सगळ्यांसमोर?

मुलगी : घाट काढलात तोही सगळ्यांसमोरच ना?

आत्या : मी येते बरोबर. अडखळलास तर पुढचं मी सांगेन.

बाबा : नको. मीच सांगतो. आणि शर्यतीच्या दिवशी... मी आपला घरीच थांबतो.

मुलगी : घरी कशाला? चढावर उभे राहा. तिथे हवं तेवढं ओरडा.