वाचा-उपचाराच्या बाईंची कपात

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे या रुग्णालयाचे व्यवस्थापक साहेब. व्यासपीठावरचे मेंदूचे सर्जन डॉक्टर. ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या वाचा-उपचाराच्या बाई. सगळ्या सिस्टर, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले आईवडील, सर्वांना माझा नमस्कार.

पालकांतर्फे दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. निवृत्त भाषाशिक्षकाला दोन शब्दांवर आवरा म्हणणं, ही आयोजकांची भाबडी आशा!

माझी नात पहिलीत होती. घरात तिला आम्ही रेडिओ म्हणायचो, इतकी तोंडाची टकळी चालू. डोक्यात मागच्या बाजूला गाठ निघाली, कॅन्सरची. डॉक्टरसाहेबांनी ती काढली. त्यांच्या हातांना मी आजही नमस्कार करतो. शुद्धीवर आल्यावर पोर म्हणाली, "आजोबा, घरी कधी?" दुसऱ्या दिवशी रेडिओ बंद. डोळे टक्क उघडे, तोंडातून शब्द नाही. पाण्याचा चमचा लावला की जीव घुसमटेपर्यंत खोकला.

डॉक्टरसाहेब, आठवतं? आपण म्हणालात, "गाठ पूर्ण निघाली. आता काळजी कसली? बोलेल हळूहळू." प्रवेशदाराशी तिचा फोटोही लागला, 'यशस्वी शस्त्रक्रिया' म्हणून. फोटोतल्या मुलीला घोटभर पाणी गिळता येत नव्हतं.

भेटायला येणारे म्हणाले, हट्ट करतेय. सूनबाईने मायेपोटी कुस्करलेलं केळं भरवलं. ते फुफ्फुसात गेलं. न्यूमोनिया, पुन्हा आयसीयू, नाकात नळी.

मग बाई आल्या. आल्या त्या थेट नातीशी बोलल्या, आम्ही बाजूला. हो-नाहीसाठी डोळ्यांची खूण ठरवली. हा हट्ट नाही, अशा ऑपरेशननंतर काही मुलांचं बोलणं-गिळणं जातं, हे आम्हाला समजावलं. गिळण्याची तपासणी करून घेतली. पुढे ठसका लागू नये म्हणून पावडर घालून पाणी दाट केलं. हनुवटी खाली, अर्धा चमचा, थांबा, गिळलं का बघा, मग दुसरा.

सून म्हणाली, "असं कुठवर?"

बाई म्हणाल्या, "खोटं कशाला सांगू? माहीत नाही. पण मी येत राहीन."

आणि येत राहिल्या. किमोच्या उलट्या चालू असतानाही. एका सकाळी सूनबाई चमचा पुढे करत होती आणि नात बोलली. जड, ओढलेला आवाज. "नको." सून रडायलाच लागली. "पहिला शब्द 'आई' नाही हो म्हणाली, 'नको' म्हणाली!"

बाई म्हणाल्या, "नको म्हणाली ना? मग आधी चमचा खाली ठेवा. आपलं ऐकलं जातं, हे तिला कळू दे."

आज ती जेवते, बोलते. सावकाश, शब्द तोडत. वर्गात शिक्षिकाच तिची वाक्यं पुरी करून टाकतात, मैत्रिणी थांबत नाहीत. लोक मला म्हणतात, बरी झाली ना, मग झालं तर! झालं कसं? बऱ्या झालेल्या पोरीला हे रोज सोसावं लागतं. तिच्यासाठी थांबणारं माणूस या इमारतीत एकच होतं.

निमंत्रणपत्रिकेवर 'सेवापूर्ती' छापलंय. मास्तर आहे, खटकलं. पूर्ती म्हणजे पुरं होणं. बाईंच्या नोकरीची कितीतरी वर्षं बाकी आहेत. साहेब, आपण त्यांचं पद अनावश्यक ठरवून रद्द केलंत. त्याला कपात म्हणतात. कपातीला शाल-श्रीफळ? आणि गोड बोलायला मी?

आत्ता जिन्यात एक आई भेटली. लेकाचं ऑपरेशन नुकतंच झालंय. म्हणाली, "काका, पोरगा बोलतच नाहीये हो, पाण्यानेही ठसकतोय. त्या बाई कुठे बसतात?"

मी म्हटलं, "वर हॉलमध्ये. आज त्यांना निरोप आहे."

"मग उद्या मी कुणाकडे जाऊ?"

ती माझ्या मागोमाग वर आली, ती पाहा, दाराशी उभी आहे. यानंतर आपलं अध्यक्षीय भाषण आहे, साहेब. बाकीचं राहिलं तरी चालेल, तिला तेवढं उत्तर द्या.

बाई, आमचं घर तुमचं ऋणी आहे. सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात माझं काही अधिकउणं झालं असेल, तर म्हातारा मास्तर म्हणून मोठ्या मनाने माफ करा. त्या आईची माफी मात्र ज्याची त्याने मागावी.