वेदीवरचा पडदा

अगं, आमच्या गावच्या चर्चचा इतिहास लिहून मी दिल्लीला नोकरीवर रुजू होणार होते. मला वाटलेलं, म्हातारी माणसं डोळे पुसत आठवणी सांगतील. इथे तर नुसतं भांडण!

शहाडपलीकडचं एका खोलीचं चर्च ते. पूर्वी त्यातच शाळा भरायची. ती कधीच बंद पडली. आता मोठी पोरं हायवे ओलांडून शाळेत जातात, लहानगी घरीच.

चर्चची देखभाल करणारे फिलीपकाका वेदीसमोर बसून कुजबुजले, "आधी चर्च, मग शाळा."

त्यांच्याच वर्गातली हिरामावशी, मासळी विकणारी, तितक्याच हळू फणकारली, "खोटं! माझ्या बापसानं विटा वाहिल्या त्या पोरांच्या शाळेसाठी. चर्च मागनं आलं."

"हिरे, देवासमोर भांडू नको."

"मग परदा ओढ!"

आणि काकांनी खरंच उठून वेदीवर पडदा ओढला! पडदा ओढला की शाळा, उघडला की चर्च, हा शाळा भरायची तेव्हापासूनचा नियम. मग दोघं असे ओरडायला लागले, की बाहेर खेळणारी पोरं दारात जमली.

"बघता काय? बसा, शाळा भरलीय!" मावशीने दटावलं.

पोरं बसली की! मांडी घालून, सगळी माझ्याकडे बघत.

"बापूस गेला, शाळा गेली," मावशी मला म्हणाली. "तू लिवशील, पण वाचायला शिकवणार कोण यांना?"



दुसऱ्या दिवशी सकाळी मी नोकरीला नकार कळवला आणि फादरना जाऊन विचारलं, "सोमवार ते शनिवार पडदा ओढलेला चालेल ना?"