बताऱ्याची हाक

एलेउतेरियो : पुन्हा दुखायला लागलंय. इथं, डाव्या बाजूला.

निएवेस : परवा उजव्या बाजूला होतं, पापा.

एलेउतेरियो : सरकलं असेल.

निएवेस : मला न्यायला नाव आली की सरकतं. मागच्या दोन्ही खेपांना हेच. डॉक्टरांनी तपासून सांगितलंय, छाती ठणठणीत आहे.

एलेउतेरियो : त्या डॉक्टरला अजून मिशी फुटायचीय. त्याला काय कळतं?

सिक्स्तो : (नावेतून) निएवेस, बॅग दे खाली. दक्षिणेकडून गार वारा सुटलाय, अंधार पडायच्या आत पुएर्तो शहर गाठायचंय. आणि तुझ्या शाळेच्या मोठ्या बाईंनी बजावून सांगितलंय, या वेळी तू आली नाहीस तर तुझा वर्ग दुसऱ्या शिक्षिकेला देणार.

निएवेस : जरा थांबा, सिक्स्तोकाका.

एलेउतेरियो : ऐक. झाडीत बतारा पक्षी बोलला.

निएवेस : ऐकला.

एलेउतेरियो : नर आहे, पाटीच्या रंगाचा. मादी असेल आसपास, तांबूस पोटाची. रोज उजाडताना हा त्याच जागी हाका मारतो, मग बाकीचे छोटे पक्षी गोळा होतात. ते दिवसभर पानं उलटीपालटी करतात आणि हा मधल्या फांदीवर ताठ बसून ससाण्यावर लक्ष ठेवतो.

निएवेस : आणि पानांतून किडा उडाला की झडप घालतो.

एलेउतेरियो : मग? राखण काय फुकट करायची?

निएवेस : ससाणा नसतानाही ओरडतो तो. सगळे जागच्या जागी गोठतात आणि हा दुसऱ्याच्या तोंडचा नाकतोडा पळवतो. मी लहान असताना तुम्हीच दाखवलं होतंत. वर हसला होतात.

एलेउतेरियो : हुशार आहे.

निएवेस : लबाड आहे. बाकीच्यांना कळत नसेल?

एलेउतेरियो : कळत असेलही. पण किडा गेला तर दुसरा मिळतो, जीव नाही. म्हणून दर वेळी दबतात बिचारे.

निएवेस : हं.

एलेउतेरियो : सिक्स्तोची बायको विचारत होती, आईच्या मातीला पोरगी रडली कशी नाही म्हणून.

निएवेस : आलं नाही रडू. तुम्ही काय सांगितलंत?

एलेउतेरियो : म्हटलं, आईवर गेलीय.

निएवेस : त्या दिवशी आई काय म्हणाली होती?

एलेउतेरियो : सांगितलंय तुला.

निएवेस : पुन्हा सांगा.

एलेउतेरियो : मला काही झालं नाही, म्हणाली. जरा पडते, तुम्ही जा रानात. मी गेलो. आलो तर टांगलेल्या झोळीतच पडून होती. झोपलीय असं वाटलं, म्हणून मी युकाचे कंद सोलायला बसलो. सगळे सोलले.

निएवेस : मला फोनवर तेच म्हणाली. काही नाही, शाळा बुडवू नकोस. ते आपण दोघांनी खरं धरलं.

एलेउतेरियो : आणि माझं खोटं धरतेस.

निएवेस : हो.

एलेउतेरियो : मग जा की. तो खोळंबलाय.

निएवेस : सिक्स्तोकाका, तुम्ही निघा. बाईंना सांगा, वर्ग देऊन टाका.

सिक्स्तो : नीट विचार कर, पोरी. चार वर्षं थांबली होतीस त्या जागेसाठी.

निएवेस : केलाय विचार. निघा तुम्ही, वारा वाढतोय.

एलेउतेरियो : निएवेस. मला आता दुखत नाहीये.

निएवेस : बरं.

एलेउतेरियो : खरंच नाही दुखत. मगाशीही नव्हतं. नाव अजून काठाला आहे, हाक मार त्याला.

निएवेस : बसा, पापा. उभं राहू नका.

एलेउतेरियो : ही थंडी आता चार दिवस हलायची नाही. जादा पांघरूण एकच आहे घरात. तुझ्या आईचं. धुवायचं राहिलंय.

निएवेस : तेच द्या.