देशमुखाचा दाखला

—हसू नका कारकूनसाहेब, वय पंचावन्नच लिवा. दात? दात लवकर गेले, ऊस लई खाल्ला. पिंपरीच्या माळावर एवढा कारखाना उभा करताय, फाटकावर राखणदार पायजे म्हणता—त्याला दात कशाला, तो काय चावणार हाय? हां, हसलात की न्हाई! आठ तास उभं राहायचं? राहू की. आमच्या घराण्याला बसायचीच सवय, ती गोष्ट येगळी. देशमुखी सरकारनं काढून घेतली, तीन वर्सं झाली. वतन गेलं, पागोटं राहिलं—ते काय शिजवून खायाचं? आमची कारभारीण तानाबाई कधी उंबऱ्याबाहेर दिसली न्हाई, ती आता हनुवटीपर्यंत पदर ओढून लोकांच्या रानात खुरपायला जाते. बाया इचारतात, ही नवी कोण गं? ठाऊक हाय सगळ्यांना, तरी इचारतात—मान ठेवतात हो, मान! काल तिथंच चक्कर येऊन पडली... जाऊ द्या, हे कशाला सांगत बसलो. पण म्हणून आलो, चाकणवरनं चालत.

वर्तणुकीचा दाखला? आणलाय तर! मास्तराचा दाखला कुणीबी आणंल; हा कलेक्टरसाहेबाच्या सहीचा, आमच्या आज्याला मिळालेला. दरबारात खुर्चीचा मान! अख्खा तालुका उभा आन् आज्जा बसलेला. विंग्रजी हाय, मला अक्षर कळत न्हाई, पण दर दसऱ्याला गंध लावतो. कशापायी मिळाला? अहो, ती बी राखणदारीच की! भामा नदीकाठच्या डोंगरात इंग्रजावर उठलेले बंडवाले लपले होते. आज्यानं त्यांना जेवायला बोलावलं आन् भरल्या ताटावरनं धरून दिलं! हाय का न्हाई गंमत? वाचा, मोठ्यानं वाचा, नावं बी असत्याल त्यांची—

का थांबलात? कोण मालोजी?

...तुमचा पणजा? फासावर...?

अहो, मी तवा जन्मलो बी नव्हतो. आन् ती गंमत मी उगंच—खोडच हाय माझी, समोरच्याला हसवायची. द्या तो कागद, फाडतो. हा बघा, फाडला. पण अर्जावर काट मारू नका, साहेब. उभा राहीन. दोन पाळ्या उभा राहीन, उन्हात राहीन, पागोटं बी काढून ठेवतो... साहेब, वर तरी बघा.

मारलीत काट? बरं.

बोलवा पुढच्याला.