रॉडचं गणित

भिया, थंडीत माळव्यातल्या आमच्या हाटपिपल्याला पहाटे शेतांवरच्या मोटारी सुरू झाल्या की घरात व्होल्टेज पडतं. आई म्हणाली, "पाण्याचा रॉड बदला, तापतच नाही."

बाबा फिजिक्सचे रिटायर मास्तर. त्यांनी सकाळी नि दुपारी मीटर लावला आणि मला वही दिली. सकाळी एकशे ऐंशी व्होल्ट, सहा अँपिअर. दुपारी दोनशे चाळीस, आठ.

"व्होल्टला अँपिअरने भाग. रेझिस्टन्स दोन्ही वेळा तीसच, म्हणजे रॉड ठीक आहे. आता तेच आकडे गुण."

दुपारी एकोणीसशे वीस वॉट भरले, सकाळी फक्त हजार ऐंशी.

बाबा आईकडे वळले. "मला तर रोज कढत पाणी मिळतं."

"तुमची बादली आधी तापवते. मग माझ्यासाठी वेळ कुठे उरतो? आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात कशी जाऊ? कोमट चालतं मला."

दुसऱ्या दिवशी बाबा पारोसेच स्वयंपाकघरात शिरले. आमच्या घरात हे आजवर कोणी केलं नव्हतं. चहा आईच्या हातात देऊन म्हणाले, "तू दुपारी आंघोळ कर."

"आणि देव?"

"वही रात्रीच त्यांच्यापुढे ठेवलीय. अजून तरी चूक काढलेली नाही."